देवबाग–भोगवे–निवती : अर्ध्या दिवसाची होडीची फेरी, गुहा आणि वाळूची बेटं. वेळ आणि क्रम कसा ठरवावा?

पुळणवाट

डिसेंबरमध्ये देवबागला मुक्काम आहे. नऊ माणसं, त्यांत दोन मुलं (वय ७ आणि ११) आणि एक काका साठीच्या पुढचे. सकाळी निघून जेवायला परत, अशी फेरी हवी आहे. कार्ली खाडीचा संगम, त्सुनामी बेट, भोगव्याची पुळण, निवतीचे खडक आणि कड्यातल्या गुहा बघायच्या आहेत. प्रत्येक होडीवाल्याच्या फलकावर हीच यादी दिसते, पण क्रम आणि वेळा वेगवेगळ्या. एक जण सकाळी सहाला निघा म्हणतो, दुसरा दहाला. खरं काय धरायचं? गुहेत होडी आत नेतात का? मुलांसाठी कोणती काळजी घ्यावी?

भांग_उधाण

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण निघायची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरते. फलकावरची यादी विसरा आणि आधी भरती-सुकती बघा (सुकती म्हणजे ओहोटी संपून पाणी सगळ्यांत खाली).

ढोबळ हिशेब सगळ्या कोकणात एकच आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. दोन्हींच्या मध्ये, नऊ-सव्वानऊला पूर्ण सुकती. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्या. मुंबईचा तक्ता मालवणला लावू नका. दक्षिणेकडे पाणी आधी भरतं आणि चढ-उतारही कमी असतो : मुंबईत उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) चार मीटरच्या वर, इथे दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास.

आता यादीतली ठिकाणं. त्सुनामी बेट म्हणजे कार्ली खाडीतला वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला असं सांगतात, म्हणून हे नाव. तो सुकतीला मोकळा असतो, भरतीला त्यावर पाणी येतं. खाडीच्या मुखातून बाहेर समुद्रात जायला मात्र चढतं पाणी लागतं. त्यामुळे क्रम असा : सुकतीला बेट, पाणी चढायला लागलं की मुखाबाहेर भोगवे-निवती, आणि भरती पूर्ण व्हायच्या आत परत.

हे सगळं सकाळच्या चौकटीत बसतं ते तृतीया-चतुर्थीला. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतो आणि मग हळूहळू उतरतो, त्यामुळे तेव्हाही वाळू चांगली उघडी पडते, आणि सुकती साडेआठ-नऊला येते. लक्षात ठेवायला सोपं : संकष्टी किंवा विनायकी धरा.

खारा_वारा

वरच्याशी सहमत, आणि उलटी बाजूही सांगतो, कारण फसगत तिथे होते. एकादशी-द्वादशीला सकाळी आठ-नऊला भरती असते. समुद्र सपाट, खाडी तुडुंब भरलेली, मतलई वारा जमिनीकडून हलका वाहतोय. यापेक्षा चांगली सकाळ नाही असं वाटतं. पण परतीच्या वेळी, म्हणजे साडेअकरा-बाराला, ओहोटीचा जोर ऐन भरात असतो आणि त्याच वेळी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. खाडीचं पाणी पश्चिमेला धावतं, वारा आणि लाटा पूर्वेला येतात. दोघं मुखावर समोरासमोर भिडले की लाट आखूड होते, उभी राहते आणि दांड्यावर, म्हणजे मुखावरच्या वाळूच्या बांधावर, फुटते. बाहेर जाताना जिथे काहीच नव्हतं तिथे परतताना पांढरा पट्टा दिसतो.

त्या तिथींना मुखाबाहेर जाऊच नका. खाडीत नेरूरपारच्या दिशेने आत जा, कांदळवन बघा. ती फेरीही छान होते.

देवबागचा_कोपरा

मुखाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कार्ली, मध्ये चिंचोळी वाळू. नदीने आणलेली आणि लाटांनी ढकललेली वाळू मुखावर बसते आणि दांडा तयार होतो. दर पावसाळ्यात तो सरकतो. मागच्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही, म्हणून गूगलच्या उपग्रह-चित्रावरून वाट ठरवू नका. रोज ये-जा करणारा तांडेल (होडी चालवणारा) पाण्याच्या रंगावरून वाट ओळखतो : गडद हिरवं पाणी खोल, पिवळट उथळ, आणि जिथे लाट थांबून उंच होते तिथे वाळू वर आलेली.

बाहेर पडताना तांडेल मुखाच्या आत होडी थांबवून दोन-चार मिनिटं नुसता बघत बसला तर तो चांगला तांडेल समजा. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मग थोडी उसंत मिळते. उसंत मिळाली की नाळ (होडीचं पुढचं टोक) लाटेला सरळ समोर धरून, वेग फार न वाढवता निघायचं. लाटेवरून होडी उडून खाली आपटली तर पुढे बसलेल्यांच्या कण्याला दणका बसतो. मणक्याला इजा झाल्याच्या घटना याच प्रकारातून होतात. म्हणून काका आणि मुलं नाळेवर नकोत. मागच्या निम्म्या भागात, मध्यभागी बसवा. आपटण्याचा जोर तिथे सगळ्यांत कमी असतो.

येताना जास्त अवघड. लाटा मागून येतात. होडी लाटेच्या पाठीवर ठेवायची, लाटेच्या पुढे पळवायची नाही. पुढे पळाली की नाळ खाली घुसते, मागची बाजू लाट उचलते आणि होडी आडवी फिरते. आडवी झालेली होडी पुढच्या लाटेला उलटते. त्या क्षणी सगळे घाबरून एका बाजूला सरकले तर काम आणखी लवकर होतं. म्हणून मुख ओलांडताना नियम एकच : बसलेल्या जागेवरून हलायचं नाही, फोटो नाही, उभं राहणं नाही.

तांडेल_मालवणी

दांड्यार लाट फुटताना दिसली तर होडी घालू नये. तांडेल थांबलो तर गप बसा, तेका घाई लावू नकात. दर्या खंय पळान जाणा नाय.

कातळशिल्पी

गुहांचं बोलू. कड्यात भेग असते, लाट तिथे पाणी आणि हवा दोन्ही दाबून भरते. लाट मागे गेली की दाबलेली हवा सुटते. वर्षानुवर्षं हेच चालून भेग रुंदावते आणि आत पोकळी होते. म्हणजे गुहा नेमकी तिथेच असते जिथे लाटांचा मारा सगळ्यांत जास्त. रत्नागिरी जिल्ह्यात हेदवीची बामणघळ ज्यांनी भरतीला बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको : बाहेर हातभर वाटणारी लाट चिंचोळ्या घळीत शिरते आणि माणसाच्या कितीतरी वर उसळते.

गुहेच्या तोंडाशी हेच होतं. बाहेर अर्ध्या मीटरचा संथ उसासा असेल तर आत छताखाली तो एक मीटर होऊ शकतो. भोगवे-निवतीच्या कड्यांना लागून ज्या कपारी आणि गुहा आहेत, त्या मोठ्या फायबर होडीतून बाहेरून बघायच्या. तोंडापासून निदान दोन-तीन होड्यांच्या लांबीएवढं अंतर ठेवायचं, नाळ समुद्राकडे, इंजिन चालू. इंजिन बंद करून ‘शांतता अनुभवा’ म्हणणारा होडीवाला असेल तर त्याला इंजिन सुरू करायला सांगा. कड्याशेजारी इंजिन एकदा नाही लागलं की वल्ह्याने फायबर होडी सावरत नाही.

भांग_उधाण

इथे एक पेच आहे, तो सांगितला पाहिजे. वाळूच्या बेटाला उधाण हवं आणि गुहांना भांग हवा. भांगाच्या भरतीला, म्हणजे सप्तमी ते दशमीच्या आसपास, पाण्याचा चढ-उतार कमी, प्रवाह मंद, पाणी जास्त स्वच्छ. कड्याजवळ जायला, पाण्यात बघायला तेच दिवस चांगले. पण तेव्हा त्सुनामी बेट नीट उघडं पडत नाही, घोटा-गुडघाभर पाण्यातच उभं राहावं लागतं. दोन्ही एकाच सकाळी उत्तम मिळणार नाहीत. मुलं असतील तर मी बेट निवडेन आणि गुहा लांबून.

कायाक_कोकण

कातळशिल्पी यांच्याशी पूर्ण सहमत नाही. भांगाच्या दिवशी, सपाट समुद्रात, लहान वल्ह्याच्या होडीतून किंवा कायाकमधून गुहेत जाता येतं. अटी मात्र बऱ्याच आहेत. तोंडासमोर थांबून घड्याळ लावून किमान दहा मिनिटं बघायचं, कारण मोठी झुंड तेवढ्या अंतराने येऊ शकते. त्या दहा मिनिटांतली सगळ्यांत मोठी लाट आली तेव्हा छत आणि पाणी यांच्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हातभर जागा उरली का ते बघायचं. आत वळायला जागा नसेल तर उलटं, म्हणजे मागची बाजू आधी घालून जायचं, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. हेल्मेट. एका वेळी एकच कायाक आत, दुसरी बाहेर दोरी घेऊन तयार. आणि पाणी चढत असेल तर नाहीच.

कातळशिल्पी

अटी वाचल्या, त्या बरोबर आहेत. धागाकर्त्याच्या सोबत सात वर्षांचं मूल आहे, म्हणून माझं उत्तर तेच राहील.

पाकोळी

गुहा म्हटलं की लोक वेंगुर्ला रॉक्सचं, म्हणजे निवतीसमोरच्या बेटांचं नाव घेतात. ते अर्ध्या दिवसाच्या कौटुंबिक फेरीत धरू नका. दीपगृह असलेला तो खडकांचा समूह उघड्या समुद्रात आहे. निवतीहून जवळ, वेंगुर्ला बंदरातून जवळजवळ दुप्पट अंतर. तिथे पुळण नाही, धक्क्याची सोय नाही, उतरायचं तर खडकावर उडी मारायची. दीपगृहावर जायला परवानगी लागते.

दुसरं कारण पक्षी. त्या बेटांवरच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा तोच पक्षी ज्याचं लाळेने बनवलेलं, भिंतीला चिकटलेलं अर्ध्या वाटीसारखं घरटं परदेशात खाण्यासाठी विकलं जायचं, आणि त्यापायी घरटी खरवडून चोरली जायची. आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पाकोळ्या अंधारात टकटक असा आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. आत विजेरी मारली, आरडाओरडा केला की घरट्यांवरचे पक्षी एकदम उडतात आणि अंडी-पिल्लं खाली पडतात. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत विणीचा काळ. सुरय जातीचे समुद्रपक्षीही उन्हाळ्यात त्याच खडकांवर अंडी घालतात, उघड्या दगडावर. होडी लांबून फिरवा, ड्रोन तर मुळीच नको.

फायबर_४०

होडी निवडताना काय बघायचं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. धक्क्यावर उभं राहून पाच मिनिटांत होतं.

होडीच्या बाजूवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी संख्या रंगवलेली असली पाहिजे. नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. तुम्ही नऊ, वर तांडेल आणि खलाशी. ‘मुलं मोजत नाहीत’ हे उत्तर चालत नाही, मूलसुद्धा एक प्रवासी. माणसं बसल्यावर होडीची कड पाण्यापासून किती वर राहते ते बघा. हात खाली सोडला आणि बोटं सहज पाण्याला लागली तर मुखाबाहेर जाण्यासाठी ती भरलेली आहे, परवान्यात आकडा काहीही असो.

इंजिन सुरू झाल्यावर मागून पिचकारीसारखी पाण्याची बारीक धार येते का ते बघा. ती थंड करणाऱ्या पाण्याची धार. धार नसेल किंवा ठिबकत असेल तर वाळू किंवा प्लॅस्टिक अडकलंय, इंजिन तापून बंद पडणार, आणि ते बरोबर मुखावरच पडतं. उथळ वाळूवरून जाताना इंजिन थोडं वर उचलतात, पण फार उचललं की हेच पाणी घेणं बंद होतं.

पेट्रोल : ४० हॉर्सपॉवरचं जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक इंजिन मध्यम वेगात तासाला १२ ते १५ लिटर पितं, पूर्ण वेगात त्याहून बरंच जास्त. तिसऱ्या हिश्शाचा नियम धरा : एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. अडीच तास इंजिन चालणार असेल तर निघताना ५०-५५ लिटर हवंच. टाकी पारदर्शक असते, बघितलं तर कळतं.

याखेरीज : तांडेलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लाल गुंडाळीदार दोरी, म्हणजे तो पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. नांगर आणि निदान ३०-४० मीटर दोर. पाणी उपसायचं भांडं. दोन वल्ही. एक दोर-बांधलेली लाइफबॉय (तरंगणारं कडं). नांगर नसेल तर बाकी काही तपासू नका, दुसरी होडी शोधा. इंजिन बंद पडलं तर खडकावर जाण्यापासून वाचवणारी तेवढी एकच वस्तू आहे.

खारा_वारा

+१. आणि वाऱ्याचं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मतलई, अकरा-बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा, तीनला ऐन जोर. म्हणून बारा-साडेबाराला खाडीत परत असायचं. कधीकधी अरबस्तानाकडच्या उत्तरेच्या वाऱ्यांची लाट दोन-तीन दिवस इथे पोचते. आकाश निरभ्र, वारा नाही, तरी समुद्र हलतो. म्हणून नुसतं आकाश बघून ठरवू नका.

हैदराबादची इन्कॉइस संस्था रोज समुद्रस्थितीचा अंदाज देते. त्यात लाटांची उंची आणि दोन लाटांमधला कालावधी असतो. दिलेली उंची म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या दुप्पटीच्या जवळ येऊ शकते. १ मीटरच्या आत असेल तर कुटुंबाला घेऊन जा. सव्वा-दीड मीटर दाखवत असेल तर खाडीतच राहा. कालावधी १२-१४ सेकंदांच्या वर असेल तर उंची कमी दिसली तरी मुखावर आणि गुहेपाशी ती लाट भारी पडते, कारण अशी लांब लाट उथळ पाण्यात येऊन वाढते. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा याच प्रकारच्या.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. ते मे अखेरचे दिवस होते. मोसम संपत आलेला असतो, गर्दी शिगेला, समुद्र बदलायला लागलेला. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलपर्यटन बंद ठेवतात ते उगीच नाही. सप्टेंबरातही लगेच धावू नका, मुखावरचा दांडा तेव्हा नवा असतो.

घावणे_रस

मुलांचं आणि लागण्याचं :

लाइफ जॅकेट घातल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढा. हनुवटीच्या वर, कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. मुलांच्या मापाचं जॅकेट आदल्या दिवशीच मागून ठेवा, सकाळी धक्क्यावर उरलेली असतात ती सगळी मोठ्यांची. दोन पायांमधून घेणारा पट्टा असेल तर तो बांधायचाच, लोक तो टोचतो म्हणून मागे सोडून देतात. जॅकेटचे सगळे बंद लावलेले हवेत, एक नाही.

होडी लागत असेल तर रिकाम्या पोटी बसू नका आणि बटाटेवडे खाऊनही नको. निघण्याआधी तासभर घावणे, भाकरी किंवा केळं. संकष्टीला निघणार असाल आणि उपास असेल तर निदान शेंगदाणे-खजूर खा. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून, मुलांना वजनाप्रमाणे. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. होडीत मध्यावर बसा, नजर क्षितिजावर. मोबाइलच्या पडद्यात बघणारा सगळ्यांत आधी आडवा होतो.

देवबागचा_कोपरा

त्सुनामी बेटावर उतरल्यावरचं. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दोन मीटरचा चढ असेल तर तिसऱ्या तासात अर्धा मीटर. म्हणजे घोटाभर पाणी तासात गुडघ्याच्या वर. मोठ्यांना ते काहीच वाटत नाही, सात वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागतं आणि वर प्रवाह ओढतो. म्हणून सुकतीनंतर दीड तासात बेट सोडायचं. बेटाच्या कडेला वाळू एकदम तुटते, दोन पावलांत गुडघ्याचं पाणी डोक्यावर जातं. पोहायचं असेल तर बेटाच्या मधल्या उथळ डबक्यात, कडेला नाही. पॅरासेलिंग आणि जेट-स्कीवाले ज्या बाजूने फिरतात तिकडे मुलांना सोडू नका.

आणखी एक. समुद्रावर सुकती संपून पाणी चढायला लागलं तरी खाडीच्या आतलं पाणी थोडा वेळ बाहेरच वाहत असतं. तक्त्यात ‘सुकती ९.००’ लिहिलंय म्हणून सव्वानऊला मुखावर गेलात तर अजून ओहोटच भेटेल. दहा-सव्वादहा धरा.

पाकट

वाळूत चालताना पाऊल उचलून टाकू नका, घसटत चाला. उथळ वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पुरून बसलेली असते. घसटण्याने ती हलते आणि निघून जाते. थेट पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ते दीड तास, वेदना कमी होईपर्यंत. पाणी आधी दुखत नसलेल्या पायावर तपासून घ्या, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. काटा खोल रुतलेला असेल तर उपटू नका, दवाखाना गाठा.

निवतीच्या खडकांवर, ज्यांना फलकांवर गोल्डन रॉक म्हणतात, अनवाणी जाऊ नका. भरतीच्या रेषेखाली कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार पात्यासारखी. हिरवं शेवाळ दिसतं तिथे चपलाही टिकत नाहीत. मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला.

कायाक_कोकण

भोगव्याला पुळणीवर उतरताना : होडीची नाळ वाळूला लागते, माणसं नाळेच्या बाजूने, एक-एक करून. आधी एक मोठं माणूस, मग मुलं हातात द्यायची. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही. पुढच्या लाटेने होडी उचलली की ती त्या माणसावर येते. मागून पंख्याच्या बाजूने तर कधीच नाही, इंजिन बंद असलं तरी.

डॉल्फिन भोगवे-निवतीसमोर किनाऱ्याजवळच असतात, पाठीवर कुबड असलेली जात. होडी आडवी, हळू, ५० मीटरवर थांबवायला सांगा. पाठलाग केला की ते बुडी मारून लांब निघतात, मग सगळ्यांचीच सकाळ वाया. आणि ‘तो बघा’ म्हटलं की नऊच्या नऊ जण एका कडेला जाऊ नका.

सिंधुदुर्ग_प्रेमी

त्याच सकाळी सिंधुदुर्ग किल्ला उरकू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला मालवण धक्क्यावरून जायचा आहे, वेगळी होडी, वेगळा परवाना. दूधबाव, दहीबाव, साखरबाव आणि तटावरून फेरी इतकं तरी नीट बघायला वेगळी सकाळ द्या. किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. पाण्यात तोंड घालून बघायचं असेल तर तिथे, भरतीच्या टोकाला, जेव्हा खाडीतलं गढूळ पाणी लांब असतं. प्रवाळावर उभं राहू नका, माशांना पाव-बिस्किटं टाकू नका.

पुळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय : मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. सव्वाआठला देवबागहून निघणं, साडेआठ ते दहा त्सुनामी बेट, सव्वादहाला मुख, पावणेअकराला निवतीचे खडक आणि गुहा बाहेरून, अकराला भोगव्याला उतरणं, तिथून साडेबाराला निघून एकला घरी. अंदाज १ मीटरच्या वर गेला तर खाडीतच. काही सुधारणा?

खारा_वारा

भोगव्याचा वेळ अर्धा करा. बारा वाजता मुखाच्या आत हवेत. चतुर्थीला बाराला पाणी चढतंच आहे, ओहोट नाही, म्हणून तिथी तुमच्या बाजूने आहे. पण वारा तिथी बघत नाही.

फायबर_४०

होडी पूर्ण ठरवून घ्या, माणशी तिकिटाने नको. माणशी तिकीट असलं की होडी भरेपर्यंत निघत नाही, आणि पुढच्या फेरीची गिऱ्हाइकं थांबलेली असतात म्हणून परत आणायची घाई होते. वेळ तुमच्या हातात हवी असेल तर त्याच्यासाठीच पैसे द्यायचे. आदल्या संध्याकाळी तांडेलाशीच बोला, मधल्या माणसाशी नको, आणि हा क्रम त्याला सांगा. तो ‘आधी भोगवे, मग बेट’ म्हणाला तर कारण विचारा. कारण पाण्याचं असेल तर त्याचं ऐका, जेवणाच्या हॉटेलचं असेल तर नको.

देवबागचा_कोपरा

निवतीच्या कड्याखाली मोबाइलची रेंज जाते-येते. निघण्याआधी घरमालकाला होडीचा क्रमांक आणि परतीची वेळ सांगून ठेवा, आणि एकपर्यंत आला नाहीत तर कोणाला फोन करायचा तेही : तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. फोन झिप लावलेल्या पिशवीत घालून जॅकेटच्या आत, अंगावर. सामानाच्या पिशवीत ठेवलेला फोन होडी उलटल्यावर उपयोगाचा नसतो. काकांची रोजची औषधं असतील तर त्यांचा एक डोस त्याच पिशवीत.

पुळणवाट

भोगवे अकरा ते साडेअकरा केलं. मुलांच्या मापाची दोन जॅकेट आजच सांगून ठेवतो.

तांडेल_मालवणी

आणि पाण्याची बाटली माणशी एक. दर्यात सगळा पाणीच, पण पियाक थेंब नाय.